मुत्तूचा तिसरा कोपरा

सावनीला घोड्यावर बसवायचं ठरलं तेव्हा तांबरमपलीकडच्या त्या रायडिंग स्कूलमधले सगळे घोडे मी पाहून घेतले आणि सगळ्यांत कंटाळवाणा निवडला. मुत्तू. वय अठरा. रोज तेच चौकोनी मैदान, तीच दिशा, तेवढ्याच फेऱ्या. आठ वर्षांच्या मुलीसाठी याहून सुरक्षित काय असणार?

अडचण एवढीच, की तीन महिन्यांत मुत्तू तिसऱ्या कोपऱ्यावर अडायला लागला. दुडक्या चालीनं छान यायचा आणि तिथे पोचला की थांबायचा. रविवारी परीक्षा होती. पूर्ण फेरी दुडकीत झाली तरच सावनी वरच्या गटात जाणार. तिच्या बरोबरीचे सगळे गेले होते. ती आता पाच-सहा वर्षांच्या पोरांत एकटीच उंच दिसायची.

"त्याला कंटाळा आलाय, अम्मा," शिकवणारे एकोजीराव म्हणाले. ते तंजावरकडचे, त्यांचं मराठी माझ्यापेक्षा तीनशे वर्षं जुनं. "तुम्ही रोज सांबार-सादमच खाल काय? थोडं बदलू. एक दिवस उलटी फेरी, एक दिवस जमिनीवर बांबू, एक दिवस सुरूच्या बनात नुसतं फिरणं."

"आणि बिचकला तर?"

"बिचकेल की. त्याशिवाय शिकेल कसा?"

मला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. शेवटी तडजोड झाली: जे काही नवीन असेल ते मला आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचं. "उद्या बांबू. तीन." मग संध्याकाळी मी हॉलमध्ये लाटणं, झाडू आणि पडद्याचा दांडा मांडून सावनीला त्यांवरून चालवायची. "उद्या छत्री." मी पंधरा वेळा छत्री उघडली, मिटली.

"घोड्याचा कंटाळा घालवतेयस, की पोरीला आणतेयस?" महेशनं विचारलं. माझा नवरा. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात दिवसभर एकसारखे ब्रेक तपासणाऱ्या माणसानं कंटाळ्यावर बोलावं!

मुत्तू बांबू ओलांडून गेला, छत्रीशेजारून गेला, बनातून ताजातवाना होऊन आला आणि तिसऱ्या कोपऱ्यावर थांबला. उलटा नेला तरी तिथेच.

शुक्रवारी एकोजीराव बराच वेळ घोड्याकडे नाही, माझ्याकडे बघत राहिले.

"अम्मा, तुम्ही रोज या कोपऱ्यावरच उभ्या राहता?"

"हे वळण धोक्याचं आहे ना."

"आणि पोर जवळ आली की काय म्हणता?"

"काय म्हणणार? 'हळू' म्हणते."

"तीन महिने?"

मी मनातल्या मनात 'हळू' मोजायला लागले.

"मी पंधरा वर्षं त्याला शिकवतोय, माझं इतकं कधी ऐकलं नाही त्यानं," ते म्हणाले. आवाजात जरा असूयाच होती. "फेरी, बांबू, छत्री, अस्कं बदलून झालं. तुम्ही तेवढ्या राहिल्यात."

रविवारी मला कँटीनमध्ये बसवण्यात आलं. भिंतीकडे तोंड करून. मैदान दिसत नव्हतं, टापा तेवढ्या ऐकू येत होत्या. पहिला कोपरा. दुसरा. 'हळू' म्हणायला जीभ आपोआप टाळूकडे निघाली. मी घाईघाईनं अख्खा मेदूवडा तोंडात कोंबला. टापांचा ठेका पुढे गेला. तुटला नाही.

थोड्या वेळानं सावनी धावत आली, हेल्मेटसकट.

"पास! तू बघितलंस?"

"नाही गं."

तिनं हेल्मेट काढलं. "मग पुढच्या वेळीही इथेच बस."

"बरं," मी म्हणाले. इतकं अवघड "बरं" मी लग्नाला होकार देतानाही म्हटलं नव्हतं.