दोन मार्गांमधलं अंतर

डॉ. सीताराम खारकर यांनी ठाणे आणि कल्याणच्या मधलं टेलिफोनचं नवं जाळं कसं आखलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कॅन्टीनच्या चहाची बशी त्यांनी कागदावर उपडी ठेवली, कडेने पेन्सिल फिरवली आणि म्हणाले, "रिंग." मग डावीकडे ठाणे लिहिलं, उजवीकडे कल्याण. बशी ओली होती, म्हणून मुंब्र्याच्या आसपास चहाचा डाग पडला. तो डाग पुढे ट्रेसिंगवर आला आणि दोनशे बारा पानांच्या संशोधन अहवालातही छापला गेला.

ही गेल्या वर्षीची, शहाण्णवची गोष्ट. वागळे इस्टेटमध्ये एका बंद पडलेल्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचा अभ्यास कक्ष. जुन्या तांब्याच्या केबली जाऊन काचेच्या तंतूंच्या कशा याव्यात, आणि आल्यावर त्या जाळ्याची देखरेख कशी करावी, यावर संशोधन करायचं, हे कागदोपत्री आमचं काम. साहेबांचं काम वेगळं. ते परिषदांना जात. सिंगापूरहून आले की आठवडाभर विमानातल्या साखरेच्या पुड्या चहात रिकाम्या करत आणि आम्हाला व्यवस्थापन शिकवत. केबल नावाची वस्तू त्यांनी पाहिली होती ती नमुन्यांच्या पेटीत, बोटभर तुकडा, मखमलीवर ठेवलेला.

रिंगची कल्पना मात्र चांगली आहे, बशीने काढली तरी. ठाण्याहून कल्याणला दोन वाटांनी केबल न्यायची. एक खाडीपुलावरून मुंब्रा, शीळ, मानपाडा करत, दुसरी भिवंडीकडून. एक तुटली तर बोलणं आपोआप दुसऱ्या बाजूने वळतं, इतक्या झटकन की बोलणाऱ्याला कळतही नाही. फक्त दोन वाटा खरोखर दोन हव्यात.

मला हे पुस्तकातून पटलेलं नाही. माझ्या रतनचा जन्म झाला त्याच दिवशी पाण्याच्या पाइपासाठी खोदताना कुणीतरी खाडीपलीकडची जुनी केबल तोडली. नवरा मानपाड्याला, रंगाच्या कारखान्यात. फोन लागेना. रतू जन्मली, रडली, झोपली, उठून परत रडली, तेव्हा कुठे तिच्या बापाला कळलं. तेही शेजारच्या सखुबाई इतक्या लांब जाऊन कारखान्याच्या गेटवर उभ्या राहिल्या म्हणून.

मी कामावर जायला लागल्यापासून रतू सखुबाईंकडेच असते, वर्तकनगरला. दुपारी एकला मी रिक्षाने घरी जायची, तिला पाजायची, परत यायची. चाळीस मिनिटं. जिन्यातल्या चपलांच्या आवाजावरून ती मला ओळखायची. आधी हसायची नाही, आधी रागवायची, इतका वेळ होतीस कुठे म्हणून. मग माझी वेणी मुठीत घट्ट धरून प्यायची. झोप लागली तरी मूठ सुटायची नाही, एकेक बोट हळूच उघडावं लागायचं. त्या चाळीस मिनिटांच्या जोरावर मी उरलेला दिवस खारकर साहेबांना सहन करायची.

दिवाळीनंतर प्रमाणपत्राचा कागद आला. दिल्लीची समिती येणार होती. कागदावर एकच रकाना कोरा होता: दोन मार्गांमधलं कमीत कमी अंतर. खाली "प्रत्यक्ष चालून पाहणी केली" आणि पाहणी करणारी अभियंता म्हणून माझ्या सहीची जागा.

"चार किलोमीटर लिहा," साहेब म्हणाले.

"चार कुठून आले, सर?"

"नकाशावर पट्टीने मोजलंय. आलेले सहा. मी दोन कमी केले. उगाच अतिशयोक्ती नको."

"पण भिवंडीकडून खोदायची परवानगी आलीच नाही ना. तारीख गाठायला दोन्ही केबली खाडीपुलावरूनच टाकल्यात. धाकूमामा म्हणतात."

"धाकू? लाइनमन?" साहेबांना खरंच हसू आलं. "त्याचा पेपर कुठे छापून आलाय का?"

धाकूमामा चेंदणी कोळीवाड्यातले. तीस वर्षं केबली ओढून त्यांचे तळवे दोरखंडासारखे झालेत. पेपर त्यांनी छापलेला नाही.

"चालून बघितल्याशिवाय सही नाही करणार, सर," मी म्हटलं. "तुम्हीही चला."

साहेब आले. जीपने. पुलाच्या तोंडाशी उतरले, नाकाला रुमाल लावला आणि तिथेच थांबले. ओहोटी होती, चिखलाचा वास होता. धाकूमामांनी फुटपाथवरचं लोखंडी झाकण पहारीने उचललं. आत दोन नारिंगी पाइप, एका गादीवर झोपवलेल्या भावंडांसारखे.

"साहेब, इकरं या," मामांनी हाक मारली. "तिथून निस्ती खाडी दिसते."

"मला दिसतंय इथून."

"काय दिसतंय?"

"दोन पाइप आहेत ना? मग झालं. दोन म्हणजे वेगळेच."

मामा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाय, याला बाजारात धाडला तर दोन बोंबील आनून दोन दर्यांतले सांगंल."

त्यांनी आत हात घातला. "एक वीत, चार बोटं." मी टेप लावली. एकोणतीस सेंटिमीटर.

"सर, एखादा ट्रक कठड्यावर आला तर दोन्ही एकदम जातील."

"ट्रक रस्त्यावरून जातात, मॅडम," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

परतताना त्यांचा आवाज मऊ झाला. हलक्या माणसाचा आवाज असा एकदम मऊ झाला की मला शिसारी येते. "तुमचं बाळ लहान आहे. मला कळतं हो, मीही बाप आहे. मुरबाडच्या एक्स्चेंजला जागा रिकामी आहे, माझ्याकडे नाव मागितलंय. मी अजून कुणाचंच दिलेलं नाही."

मुरबाड म्हणजे सकाळी सहाला घर सोडायचं, रात्री आठला परत. दुपारचा एक तिकडेच वाजणार.

घरी नवरा म्हणाला, "अगं, चार तर चार. लिहून टाक. कोण टेप घेऊन जातंय तिथे?"

"मी गेलेले ना."

तो काहीतरी बोलणार होता. रतू त्याच्या पोटावर पालथी पडून त्याच्या शर्टाचं बटण चावत होती. त्याने तिच्याकडे बघितलं आणि बटण हळूच तिच्या तोंडातून सोडवलं. गेटवर उभ्या राहिलेल्या सखुबाई त्यालाही आठवल्या असणार.

दुसऱ्या दिवशी मी रकान्यात लिहिलं: ०.२९ मीटर. सही केली, तारीख घातली, फाइल साहेबांसमोर ठेवली. त्यांनी सही बघितली. आकडा बघितला नाही. संशोधक माणूस! परदेशात दोनशे बारा पानं वाचून दाखवणार, आणि टेबलावरची एक ओळ वाचणार नाही. "शहाण्या आहात," म्हणाले आणि खाली स्वतःची सही ठोकली. मी त्यांना थांबवू शकले असते. नाही थांबवलं. लिहिलेलं वाचणं हे त्यांचं काम होतं, त्याचाच त्यांना पगार होता.

समिती आली. साहेबांनी सगळ्यांसमोर रॅकमधली एक वायर उपसली. पडद्यावर लाल झालं, लगेच हिरवं झालं. टाळ्या. खोलीतली एक वायर, तीही स्वतःच्या हाताने काढलेली. पुलाकडे कुणी फिरकलंही नव्हतं. साहेब मान तुकवून टाळ्या घेत होते, लग्नात आहेर घ्यावा तसे.

समितीचे प्रमुख वयस्कर होते, कमी बोलणारे. पानं चाळता चाळता थांबले. "ये पॉइंट टू नाइन मीटर क्या है? किलोमीटर होगा?"

साहेबांनी चष्मा लावला. तेव्हा पहिल्यांदा वाचलं. "टायपिंग मिस्टेक, सर."

"टाइप कहाँ है? हाथ से लिखा है."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं मुरबाड होतं. "मॅडम बतायेंगी."

एक वाजत आला होता, दुधाने छाती भरून आली होती. "मीटर, सर," मी म्हटलं. "टेपने मोजलंय. दोन्ही केबली एकाच पुलावरून जातात."

प्रमुखांनी साहेबांना विचारलं, "आपने देखा था?"

"गया था, सर," साहेब म्हणाले. "लेकिन मैं दूर खड़ा था."

कुणीतरी खोकलं. शिपाई नाथा चहाचा ट्रे घेऊन आत आला होता, तो तसाच मागच्या मागे निघून गेला.

मंजुरी थांबली. इतके महिने अडकलेली भिवंडीकडची परवानगी अकरा दिवसांत आली. धाकूमामा मुद्दाम वर येऊन सांगून गेले, पायांना खोदकामाची माती तशीच. साहेबांना काही झालं नाही. अशांना होत नाही. अहवालात त्यांनी "मार्ग वेगळे राखण्याचे महत्त्व" असं नवं प्रकरण घातलंय, आणि ते वाचायला मार्चमध्ये पुन्हा सिंगापूरला चाललेत. पुलाचं त्यात नाव नाही, माझं नाही, धाकूमामांचं तर नाहीच. मुरबाडची ऑर्डर माझ्या हातात द्यायचीही त्यांना हिंमत झाली नाही. नाथाकडून पाठवली.

सोमवारी हजर व्हायचंय. म्हणून या आठवड्यात रजा काढून रतूला दुपारच्या एकची नवी सवय लावतेय, वाटी-चमच्याने मऊ भात. पहिल्या दिवशी तिने चमचा उडवला आणि माझी वेणी धरली. सखुबाई म्हणाल्या, "तू समोर दिसलीस तर ती कशाला खाईल? आत जा बघू."

तेव्हापासून मी आत उभी असते, दार लोटून, आणि कान देते. काल दोन घास गेले. आज चार. पाचवा तिने थुंकला आणि दाराकडे बघून ओरडली असणार, कारण आवाज सरळ माझ्यावर आला, चांगला खणखणीत, रागावलेला.

"येऊ नकोस हं," सखुबाई बाहेरून म्हणाल्या.

मी कडी धरून ठेवली. आणि तिथे उभ्या उभ्या खारकर साहेबांना एक अशी शिवी दिली, जी मला येते हे मलाच माहीत नव्हतं.