गुलाबी फिती

जंगल लाकूड कंपनीचं, पण सगळ्यांना खुलं. त्या बदल्यात सरकार कंपनीला करात सूट द्यायचं. पायी जा, हरणं मारा, मासे धरा, कुणी अडवणार नाही. मात्र आत कुणाची हक्काची जागा नाही. तरी ओढ्याकाठचं म्हातारं मेपल म्हणजे वाइनो केस्टिलाची जागा, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वाइनोचा बापही त्याच बुंध्याला टेकून बसायचा.

शिकारीचा मोसम तोंडावर आला तसा वाइनो मेपलची खबर घ्यायला गेला. पाहतो तर मेपलच्या जरा अलीकडे, झाडाझाडांना गुलाबी फिती. पहाटेच्या काळोखात जागा सापडावी म्हणून शिकारी अशा फिती बांधतात. वाइनोला लगेच शेजारचा बोड्री आठवला. परवाच तो दुकानातून गुलाबी फितीचं भेंडोळं घेऊन निघाला होता.

"थांब लेका, तुला बेडकांची शिकार घडवतो," असं पुटपुटत वाइनोनं एकूण एक फीत सोडली आणि ओढ्यापलीकडे, दलदलीच्या कडेनं बांधली. चिखलात रुतलेला बोड्री डोळ्यांपुढे आणून तो जेवताना इतका खिदळला की बायकोनं पाठीत दोन थापट्या घातल्या. तिला वाटलं, ठसका लागला.

थोड्याच दिवसांत जंगलातून यंत्रांची घरघर ऐकू आली. वाइनो धापा टाकत पोचला तोवर मेपल आडवं झालं होतं. बोड्री तिथंच बघ्यांत उभा होता. कंपनीचं जंगल सांभाळणारी मार्नी डोकं खाजवत होती.

"कुठवर तोडायचं त्याच्या खुणा होत्या त्या," ती म्हणाली. "हे मेपल मी मुद्दाम बाहेर ठेवलं होतं. फितींना पाय फुटले की काय?"

वाइनोचे कान लाल झाले. "मी हलवल्या. मला वाटलं, ह्या बोड्रीच्या."

"माझ्या?" बोड्री म्हणाला. "मी नातीच्या सायकलला फीत नेली, बाबा. आणि तुझ्या जागेत कोण मरायला येतंय? तू घोरतोस. हरणं पार गावात पळून येतात."

"काका, पुन्हा फितीला हात लावलात तर फिरणं बंद," मार्नीनं बजावलं.

वाइनो मान खाली घालून घरी गेला.

मोसमाच्या पहिल्या पहाटे दुसरीकडे जावंसं वाटेना, म्हणून तो मेपलच्या खुंटावरच जाऊन बसला. उजाडलं आणि त्याची बंदूक मांडीवरच राहिली. तोडलेल्या शेंड्यांची कोवळ्या डहाळ्या खायला हरणांची पंगत बसली होती. इतकी हरणं त्याच्या बापानंही पाहिली नसतील.

पाठीमागे पाचोळा वाजला. कागदात गुंडाळलेल्या, मटण-बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या दोन गरम पेस्ट्या घेऊन बोड्री उभा होता.

"सरक जरा," तो कुजबुजला. "इथं जागा कुणाची नसते ना?"

वाइनोनं एक पेस्टी हातातून काढून घेतली आणि सरकला.

"बस," तो म्हणाला, "पण बुटांचा चिखल पुसून. बापाचं झाड आहे."