कप्तानाची खुर्ची

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही. आणि वाटलीच, तर त्या माणसाशी मी सोयरीक करणार नाही. इतका भोळा माणूस घरात घेऊन करायचं काय?

हे मी दाताच्या डॉक्टरांनाही आधीच बजावलं. ते आमच्या दुकानात स्टुलावर बसले होते. त्यांची दवाखान्यातली खुर्ची आमच्याकडे दुरुस्तीला आली होती. हात ठेवायच्या जागी रेक्झिनच्या चिंध्या झाल्या होत्या आणि त्या चिंध्यांवर रोग्यांच्या नखांच्या खुणा होत्या. डॉक्टर म्हणत होते, रेक्झिन जुनं झालं म्हणून फाटलं. असेल बापडं. आमची ही मशीनवर नवी खोळ शिवत होती आणि डॉक्टरांना कंटाळा येऊ नये याची काळजी मी घेत होतो. आमच्या दुकानात कामाची वाटणी ही अशी आहे.

"तर डॉक्टर," मी म्हटलं, "माझ्या एका खुर्चीने अख्खी बोट पळवली होती. माणसांसकट."

आमचे सासरे सोफ्यांचे आणि गाद्यांचे कारागीर. हे दुकान त्यांचंच. अंगाने काटकुळे, नाक टोकदार, आणि बोलणं असं की समोरच्याच्या पोटात शिरून पाठीत गाठ मारून बाहेर यायचं. म्हणून सगळा बाजार त्यांना पाठीमागे 'दाभण' म्हणायचा. पोती शिवायची ती जाड सुई असते ना, ती. बाजार पाठीमागे म्हणायचा, मी नुसता मनात म्हणायचो. कारण मी जावई होतो आणि मला दुकान हवं होतं.

आता हवं होतं ते हवं होतं, त्यात लाजायचं काय? म्हातारबुवांना मुलगा नाही, मुली दोन. थोरलीला घरात सगळे अक्का म्हणतात. तिचा नवरा, म्हणजे माझा साडू, एका शोरूममध्ये तयार सोफे विकायला उभा असायचा. गिऱ्हाईक दारात दिसलं की हा आधी हसायचा आणि मग बघायचा कोण आलंय ते. धाकटीचा नवरा मी, सासऱ्यांच्याच हाताखाली. दुकान साडूच्या हाती गेलं असतं तर इथे मोठी काच बसणार होती, हातोडी अडगळीत जाणार होती आणि मला दारात उभं राहून हसावं लागणार होतं. माझा चेहरा त्या कामाचा नाही. मी हसलो की लोक विचारतात, कुठे दुखतंय.

"हसून दाखवा बघू," डॉक्टर म्हणाले.

मी दाखवलं.

"अक्कलदाढ," ते म्हणाले. "पुढे सांगा."

तर एक दिवस सासऱ्यांनी हातोडी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "गुडघे संपले. दुकान कुणाकडे द्यायचं ते आता ठरवतो. रविवारी सगळे समोरच्या बेटावर जाऊ. येताना बोटीत सांगेन."

"बेटावर कशाला, बाबा?" हिने विचारलं.

"इथे सगळे माझ्या खुर्च्यांवर बसतात. चांगल्या खुर्चीवर गाढवसुद्धा माणसासारखं बसतं. वाईट जागी कोण कसा बसतो ते बघायचंय."

ते बेट आमच्या धक्क्यावरून दिसतं. बोट सकाळी नेते, संध्याकाळी आणते, आणि मधल्या वेळात माणसं वाळूत लोळून अंग भाजून घेतात. रविवारी धक्क्यावर सगळ्यांच्या हातात टॉवेल, पाण्याच्या बाटल्या आणि पोरांचे हवा भरायचे चेंडू होते. साडूच्या डोक्यावर नवी टोपी होती. आमच्या पिशवीत दाभण, सुतळी, कात्री आणि हातोडी होती. पिशवी हिने भरली होती. खांद्याला मी लावली होती.

बोटीत सासरे बाकावर बसले आणि खेकडा चावल्यासारखे उठले. मग त्यांनी अंगठ्याने बाक दाबून बघितला. इथे दाबला, तिथे दाबला, वाकून कान लावला.

"गेला," ते म्हणाले.

साडूने टोपी काढली. "कोण गेलं, बाबा?"

"आतला काथ्या. केव्हाच मेलाय. इतकी माणसं रोज ह्याच्यावर बसतात आणि एकालाही कळलं नाही."

साडूने चटकन आपला टॉवेल चौघडी करून बाकावर अंथरला. "ह्याच्यावर बसा. मऊ आहे."

सासऱ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं डॉक्टर तापाच्या रोग्याला अत्तर लावणाऱ्याकडे बघतील. मी ओळखलं, हीच वेळ. पिशवी उघडली. बेट येईपर्यंत त्या बाकाचं पोट फाडून, काथ्या पिंजून, परत भरून, शिवून झालं. त्या बाकावरची माणसं कठड्याला धरून उभी होती आणि ऑपरेशन बघितल्यासारखी कुजबुजत होती. सासरे बसले. हलून बघितलं. "असू दे," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे मिरवणूक काढायची.

हे सगळं कप्तान आपल्या खोलीच्या खिडकीतून बघत होता. बोट धक्क्याला लावून तो खाली आला. डावा हात कमरेवर, चेहरा बाळंतिणीसारखा.

"माझ्याही खुर्चीकडे बघा की जरा," तो म्हणाला.

खुर्ची कसली, लाकडी फळी आणि तिच्यावर घडी घातलेलं पोतं. ते पोतं इतकं दगड झालं होतं की त्याच्यावर पाटा-वरवंट्याचं काम झालं असतं. त्याच्यावर बसून बसून कप्तानाची कंबर डावीकडे झुकली होती, आणि कप्तान झुकला म्हणून बोटही डावीकडे झुकायची. रोजचे प्रवासी म्हणून आधीच उजव्या बाजूला बसायचे.

"हे मात्र अति झालं," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही डावीकडे बसला असाल," मी म्हटलं.

सासरे कप्तानाला म्हणाले, "बघू," आणि सरळ किनाऱ्याकडे चालू लागले. तिथे माझं नशीब फिरलं. साडूने वाळू उकरायला घेतली. हाताने उकरली, टोपीने उकरली, आणि बघता बघता वाळूचा सोफा तयार केला. पाठ, हात, पाय ठेवायला चौरंग, सगळं. सासरे त्यात बसले. वाळू त्यांच्या हाडांप्रमाणे सरकली, बसली, थांबली. त्यांनी डोळे मिटले.

"ही गादी भरली कुणी?" त्यांनी विचारलं.

"देवाने, बाबा," अक्का म्हणाली.

"हात चांगला आहे त्याचा. कापड लावायचं तेवढं राहून गेलं." मग साडूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वा."

वा. डॉक्टर, मी त्यांच्या हाताखाली केस पिकवले आणि मला कधी 'असू दे'च्या पुढे काही मिळालं नव्हतं. ह्याने देवाचा माल टोपीने इकडचा तिकडे केला आणि ह्याला वा. मी पाण्यात पाय सोडून बसलो. समोर लोक पोहत होते, किंचाळत होते, मला मात्र दुकानाला लागलेली ती मोठी काच दिसत होती आणि काचेत माझं हसू.

"गेलं दुकान," मी हिला म्हटलं.

"कप्तानाची खुर्ची राहिलीय," ही म्हणाली आणि पिशवी घेऊन उठली.

किनाऱ्यामागे एक विश्रामगृह होतं. त्यांनी एक जुना लोखंडी पलंग बाहेर टाकला होता, स्प्रिंगांचा. शेजारी नारळाच्या सोडणांचा ढीग, आणि कुंपणावर जुनं शिडाचं कापड. मागितलं तर म्हणाले, घेऊन जा, वर चहा पाजतो. मग मी माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी कारागिरी केली. स्प्रिंगा हिने सोडवल्या, सोडणं हिने कुटली, काथ्या हिने भरला, सुतळीच्या गाठी हिने मारल्या, कापड हिने शिवलं. बाकीचं सगळं काम माझं.

डॉक्टरांनी मशीनकडे बघितलं. ही खोळ उलटी करून कोपरे काढत होती.

संध्याकाळी बोट सुटली. कप्तान नव्या खुर्चीत टेकला. कंबर उजवीकडे आली, मान मागे गेली, कपाळावरच्या आठ्या एकेक करून उठून निघून गेल्या. "आई गं," तो हळूच म्हणाला आणि झोपला.

"म्हणजे बोट चालू असताना?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालू असताना."

"पण बोट चालवणाऱ्याची खुर्ची इतकी मऊ करायची नसते, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

आता ह्यांना काय सांगू? आमच्या घरात खुर्ची एकाच गोष्टीसाठी करतात, बसलेल्या माणसाला उठावंसं वाटू नये म्हणून. तो उठून काय करणार आहे, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. सासऱ्यांनी एकदा शाळेच्या मास्तरांची खुर्ची केली होती. त्या वर्षी त्या वर्गाने नुसती चित्रं काढली.

तर कप्तान घोरतोय आणि बोट चाललीय. आमचा धक्का आला. धक्क्यावरची माणसं पिशव्या घेऊन उभी होती. आम्ही त्यांना हात केला, त्यांनी आम्हाला हात केला, आणि धक्का गेला. मग शहर गेलं. मग एक मोठा मासा आमच्याबरोबर चालायला लागला. बराच वेळ चालला, शेवटी ह्या लोकांना कुठे जायचंय हे ह्यांनाच माहीत नाही असं बघून वळून घरी गेला.

कप्तानाला उठवायचे सगळे उपाय झाले. शिट्ट्या वाजवल्या. डोक्यावर पाणी ओतलं, तर झोपेतच म्हणाला, "खिडकी लाव गं." साडू पुढे झाला. "बाजूला व्हा, मी सुकाणू धरतो," म्हणाला आणि कप्तानाला ढकलायला खुर्चीच्या कडेला नुसता टेकला. टेकला तो टेकलाच. चेहऱ्यावर तेच शोरूमचं हसू, पण डोळे बंद. अक्का नवऱ्याला उठवायला गेली, खुर्चीच्या हातावर रेलली आणि तीही गेली. मग तिकिटं देणाऱ्या बाईने खोलीच्या दारात आडवा दोर बांधला आणि ओरडून सांगितलं, खुर्चीला कुणी हात लावायचा नाही.

आणि समोर खडक. काळे, दातांसारखे.

"किडलेल्या का?" डॉक्टर म्हणाले.

"सुळ्यांसारखे. मध्ये बोलू नका, आम्ही बुडतोय."

सासरे दोराखालून वाकून आत आले. गुडघे कुरकुरले. खुर्ची त्यांनी वरून बघितली, खालून बघितली, बोटाने एक शिवण चाचपली. असं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, डॉक्टर, समुद्राचं नव्हे.

"जावईबापू," ते म्हणाले, "अशी खुर्ची माझ्याच्याने झाली नाही. मोडा ती."

माझा हात उठेना. बाप लेकराला एक वेळ शाळेत घालेल, पण ही खुर्ची मोडायची म्हणजे. मी गुडघ्यांवर बसलो, खाली वाकलो, कात्री काढली. आत सगळा सुतळीचा संसार. कुठली कापावी कळेना. तेवढ्यात ही आडवी होऊन शेजारी आली आणि एका गाठीवर बोट ठेवलं. "ही," म्हणाली. "ही सुटली की मधली स्प्रिंग मोकळी."

मी कापली.

कप्तान उडाला. छताला लागला, खाली आला तो दोन्ही पायांवर, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हात सुकाणूवर. खडक बोटीच्या अंगाला घासून गेले आणि तिचा जुना रंग तेवढा घेऊन गेले. साडू खिडकीतून बाहेर गेला आणि भिंतीला टांगलेल्या वाचवायच्या गोल ट्यूबमध्ये कमरेपर्यंत अडकला. अक्का डोळे चोळत उठली आणि म्हणाली, "आलं का?"

"एका स्प्रिंगेने दोन माणसं उडाली?" डॉक्टर म्हणाले.

"पलंगाची होती. दोघांचंच माप असतं तिचं."

डॉक्टरांनी पहिल्यांदा नुसती मान डोलावली. मला बरं वाटलं. गोष्टीचा गोड भाग आला होता, तिथे मला मध्ये कुणी नको होतं.

बोट वळून आमच्या धक्क्याकडे निघाली. आम्ही सकाळी शिवलेल्या त्याच बाकावर बसलो. साडू अजून ट्यूबमध्येच होता, त्याला लोक ओढत होते. सासऱ्यांनी बाकाची शिवण एकदा अंगठ्याने दाबून बघितली. मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला. दुकानाची मोठी किल्ली, कपाटाची, मागच्या दाराची. माझा हात धरला, उघडला, आणि जुडगा माझ्या तळहातावर ठेवला.

"आणि काय म्हणाले?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांनी स्टूल पुढे ओढलं होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "एक शब्द बोलले नाहीत. अशा वेळी खरा कारागीर बोलत नाही, डॉक्टर. किल्ल्या दिल्या, दुकान माझं झालं, संपलं."

मशीन थांबलं.

"बोलले की," ही म्हणाली. "मी ह्यांच्या पलीकडे बसले होते. बाबा म्हणाले, 'तिच्याकडे द्या.'"