बायडाबाईंकडचं विरजण

माझे यजमान मुरगूडच्या बेंजो पार्टीत तीस वर्षं बेंजो वाजवायचे. सगळे त्यांना आण्णा म्हणत. शेवटच्या वर्षी बोटं थरथरायला लागली, तेव्हा ते आमची नात अनुजा हिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे. तिच्या गिटारला जोडायचं एक चपटं यंत्र आहे. बटणं फिरवून त्यात पाहिजे तसा आवाज बनवायचा आणि नंबर देऊन साठवायचा.

"अजून करकरीत कर," आण्णा म्हणायचे. "वरातीत शेवटच्या माणसाला ऐकू जायला पायजे की!"

आठवडाभर बसून त्यांनी त्या गिटारमधून आपला बेंजो काढून घेतला.

ते गेल्यावर एकदा मी त्या यंत्रात डोकावले. आवाजांची नावं काय, तर 'नवीन', 'नवीन खरा', 'फायनल', 'फायनल दोन'.

"अगं, माझ्या लोणच्याच्या बरण्यांवर याहून बरी नावं असतात."

मग आम्ही दोघींनी बसून सगळी नावं बदलली. हळद, वरात, गणपती. सत्तेचाळीस नंबरला आण्णा.

"आणि हे बिघडलं तर?"

"लॅपटॉपवर कॉपी हाय की, आज्जी."

"तो पण ह्याच घरात. एक बायडाबाईंकडं ठेव."

"ते काय विरजण हाय व्हय?" ती हसली.

या घरात आल्यापासून, म्हणजे चाळीस वर्षं, बायडाबाई आमच्या शेजारी. माझं दही बिघडलं की विरजण त्यांच्याकडून, त्यांचं बिघडलं की माझ्याकडून. अनुजाने माझं मन राखायला त्यांच्या नातीच्या, दीक्षाच्या कॉम्प्युटरवर एक कॉपी ठेवली आणि विसरून गेली.

परवा आण्णांचं वर्षश्राद्ध होतं. त्यांचा आवाज वाजवायचा म्हणून अनुजाने सकाळी यंत्र अपडेटला लावलं आणि मध्येच वीज गेली. परत सुरू झालं तेव्हा आमचं एकही नाव त्यात नव्हतं. लॅपटॉप मागच्या महिन्यात दुरुस्तीला दिलेला, तो कोरा होऊन आलेला.

"आण्णा गेलं, आज्जी," म्हणून पोरगी रडायला लागली.

मी तिच्या हातात वाटी दिली. "जा, बायडाबाईंकडनं विरजण घेऊन ये."

तिने वाटीकडे बघितलं आणि ती अनवाणीच पळाली. दीक्षाला घेऊन परत आली, तेव्हा वाटीत पेनड्राइव्ह होता. फाइलचं नाव दीक्षाने 'विरजण' असंच ठेवलं होतं.

थोड्या वेळाने सत्तेचाळीस नंबर लागला. अनुजाने तार छेडली आणि घरात बेंजो वाजला.

भिंतीपलीकडून बायडाबाई ओरडल्या, इतकी वर्षं ओरडायच्या तशाच. "आण्णा, जरा हळू की! कान फुटलं!"

थोड्या वेळाने त्या दारात आल्या, पदराने डोळे पुसत.

"वाजीव बाय, वाजीव. जोरात वाजीव."

ज्या वाटीतून विरजण येतं, ती रिकामी ठेवायची नाही, भरून त्या घरी पाठवायची, अशी आमची रीत. मी ती खिरीने काठोकाठ भरली. तरी मला ती कमीच वाटत होती.