चालत नाही त्याला हार नाही

खंडेनवमीला आमची आई घरातल्या सगळ्या अवजारांना झेंडूचे हार घालते, पण त्याआधी प्रत्येक अवजार चालवून बघते. विळीवर एक काकडी चिरते. विहिरीची मोटर सुरू करायला लावते. फुलं तोलायच्या काट्याच्या दोन्ही पारड्यांवर बोट दाबून तो नीट हलतो का ते पाहते. चालत नाही त्याला हार नाही, हा तिचा नियम. एका वर्षी वडिलांचं मनगटी घड्याळ बंद होतं, तर तिनं ते पाटावरून उचलून त्यांच्या हातात परत दिलं होतं.

दादाच्या मोटारसायकलला तीन वर्षं हार मिळाला नव्हता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, निवृत्ती. सातपूरच्या एका कारखान्यात तो पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर कामाला होता. कारखाना बंद पडला तसा तो मखमलाबादला घरच्या फुलशेतीत परत आला, आणि गाडी पडवीत गोणपाटाखाली गेली. साडेतीनशे सीसीची टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची. दोन सिलिंडर म्हणून कार्ब्युरेटरही दोन. दोघांतून पेट्रोल आणि हवा सारखी गेली तर इंजिन शांत चालतं. एक पुढे आणि एक मागे झाला की गाडी थरथरते आणि बंद पडते.

दोघांना सारखं करायची दादाची स्वतःची रीत होती. गाडीच्या मागे, दोन सायलेन्सरांच्या बरोबर मधे पाट टाकून तो गाडीकडे तोंड करून बसायचा. डाव्या कानाशी डावा सायलेन्सर, उजव्या कानाशी उजवा. डोळे मिटायचा आणि बोलायचा, "डावा थोडा वर. हां. उजवा एक केस खाली." लहानपणापासून स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात असायचा. पंचवटीतून, म्हसरूळहून लोक त्याच्याकडे गाड्या आणायचे. तो स्पर्शही न करता सांगायचा, तुझा प्लग गेलाय, तुझी साखळी सैल आहे.

२००३च्या श्रावणात त्यानं गोणपाट काढलं. मी तेव्हा कॉलेज रोडला राहत होते, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. दर रविवारी मखमलाबादला जायचे.

"या नवमीला आईकडून हार घेणार म्हणजे घेणार," दादा म्हणाला. "शुभे, तुझ्या त्या पोरांचे पेपर ठेव बाजूला."

कार्ब्युरेटर उघडले तेव्हा आत जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. आम्ही सगळं धुतलं, जेटची बारीक भोकं उजेडासमोर धरून पाहिली, नवे प्लग घातले. गाडी सुरू झाली. दादा पाटावर बसला, मी त्याच्या सांगण्याप्रमाणे स्क्रू फिरवले. पण रेस सोडली की गाडी हेलकावे खात बंद पडायची. डावा प्लग काढला तर ओला आणि काळा.

"डाव्यात कचरा आहे अजून," दादा म्हणाला.

पुढच्या रविवारी डावा पुन्हा उघडला. स्वच्छ होता. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी प्लगांची अदलाबदल केली, तरी डावीकडचाच ओला व्हायचा. आणि दर वेळी एक गोष्ट मला खटकायची: दादाचं समाधान होईपर्यंत उजव्याचा स्क्रू फार आत गेलेला असायचा. स्क्रू आत जाईल तशी हवा-पेट्रोलची वाट उघडते; उजवा इतका उघडा, की तो एकटाच इंजिन ओढायचा आणि डाव्यात पेट्रोल न जळता साचायचं. जवळ उभ्या असलेल्या मला उजवा मोठ्यानं बोलताना ऐकू यायचा. दादाला दोन्ही सारखे वाटायचे.

मी तो सांगेल तसे स्क्रू फिरवत राहिले. त्याच्या कानाबद्दल शंका घेण्याची आमच्या घरात कुणाला सवय नव्हती.

भाद्रपद संपता संपता आशावहिनी मला झेंडूच्या वाफ्यात गाठून म्हणाली, "ताई, एक सांगायचंय. यांना सांगू नका मी बोलले म्हणून."

"काय झालं?"

"पेठ रोडवर परवा सकाळी फुलं घेऊन चाललो होतो. मी टेम्पोत शेजारी. मागून ट्रक हॉर्न देत देत उजवीकडून आला. मी ऐकतेय आणि हे टेम्पो उजवीकडेच घेतायत. आरसाच गेला." तिनं तोडलेलं फूल पाटीत न टाकता हातातच धरलं होतं. "म्हणाले, हॉर्न वाजवलाच नाही त्यानं. कानाचं नाव काढलं की जेवण टाकून उठतात. तुमचं ऐकतात हो ते. काहीतरी करा."

त्या दिवशी मी दादाकडे नीट पाहिलं. फोन तो डाव्या कानाला लावत होता. जेवताना त्यानं उजवीकडे भिंत येईल अशी जागा धरली होती, म्हणजे सगळे डावीकडे. एरवी आई उजवीकडून काही बोलली की तो नुसता हसून मान हलवायचा. कारखान्यात दिवसभर दणदणणारा मोठा प्रेस त्याच्या उजव्या हाताला असायचा, हे मला माहीत होतं. मी फक्त कधी त्याचा अर्थ लावला नव्हता.

सांगायचं कसं, हे मात्र कळेना. तुझा कान गेला असं म्हटलं असतं तर त्यानं गाडी पुन्हा गोणपाटाखाली ढकलली असती आणि टेम्पो तसाच चालवला असता. मी वर्गात मुलांना सांगते, दोष उपकरणात आहे की मोजणाऱ्यात हे कळत नसेल तर उपकरण उलटं करून पुन्हा मोजा. गाडी उलटी करता येत नव्हती.

अष्टमीला दुपारी सगळे शेतात फुलं तोडत होते. उद्या नवमी. दादा पाटावर बसून वैतागला होता.

"आता दोन्ही सारखे आहेत. तरी का बंद पडते ही? डावा टाकून द्यायला पाहिजे."

"दादा, एकदा उलटा बस ना."

"म्हणजे?"

"पाठ गाडीकडे कर. मी रेस धरून ठेवते, स्क्रूला हात लावत नाही."

"त्यानं काय होणार? शिक्षण वाया गेलं तुझं."

"बस तर."

तो कुरकुरत उठला, वळला, गाडीकडे पाठ करून बसला. आता उजवा सायलेन्सर त्याच्या डाव्या कानाशी होता. मी किक मारली, मूठ किंचित पिळून धरली. दादानं डोळे मिटले.

मग उघडले.

त्यानं मान फिरवून माझ्या हाताकडे पाहिलं. एक हात मुठीवर होता, दुसरा मी मुद्दाम वर धरला होता. तो पुन्हा पुढे वळला. थोड्या वेळानं उठून गाडीकडे तोंड करून बसला. पुन्हा उलटा. मी मूठ हलू दिली नाही. शेवटी त्यानं उजव्या कानावर तळहात दाबला, काढला, परत दाबला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही, आणि तेच पाहणं मला जड गेलं.

"बंद कर," तो म्हणाला.

मी गाडी बंद केली. शेतातून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. कुणीतरी हसलं. मला ऐकू येतंय याचीच मला लाज वाटली.

बराच वेळ तो चिंधीनं हात पुसत राहिला. ते पुसून कधीच झाले होते.

"म्हणजे डाव्यात कचरा नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता."

"तुला कधीपासून माहीत?"

"संशय होता. खात्री आत्ता झाली."

"आशा बोलली असेल काहीतरी."

तो खाली बघून हसला. "गाडीला बोल लावत होतो मी. इथं मीच एका सिलिंडरवर चालतोय."

"दादा—"

"आता कसं करायचं? उद्या नवमी. तुझ्या कानानं करू?"

माझे कान चांगले आहेत, पण एक केस वर, एक केस खाली हे मला कधी जमलं नाही. शिवाय ते त्याचं काम होतं.

"हात लाव," मी म्हणाले.

"हाताला काय कळणार?"

"आवाज म्हणजे हवेचा धक्काच असतो. कानाला लागतो तसा हाताला लागेल. आणि हात तुझे दोन्ही शाबूत आहेत."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की आता खरंच ओरडणार. पण तो पाटावर बसला, गाडीकडे तोंड करून, आणि दोन्ही तळहात दोन्ही सायलेन्सरांपासून वीतभर मागे धरले. मी किक मारली. निळसर धूर त्याच्या बोटांमधून बाहेर येऊ लागला.

"अरे," तो म्हणाला. "उजवा ढकलतोय नुसता. डावा काहीच नाही."

"सांग तू."

"उजवा सोड. अजून. अजून सोड, घाबरू नको." त्यानं डोळे मिटले होते. "डावा घे थोडा. थांब. ऐकू दे." मग स्वतःशीच, "ऐकू दे म्हणजे, लागू दे."

आम्ही तसंच करत राहिलो. मधे गाडी बंद पडली, मी परत किक मारली. डावा प्लग पुसून घातला. त्याचे तळहात तेलकट काळे झाले. आणि मग एकदा मी मूठ पूर्ण सोडली आणि गाडी बंद पडली नाही. ती तशीच, हळू, एकसारखी चालत राहिली. दादाचे हात धुरात स्थिर होते, कुणाच्या तरी डोक्यावर ठेवावेत तसे.

"एक केस उजवा खाली," तो म्हणाला. मी केला. मला काही फरक ऐकू आला नाही. त्याला लागला.

नवमीला सकाळी अंगणात विळी, खुरपी, काटा, फवारणीचा पंप ओळीनं मांडले होते. दादानं गाडी शेवटी आणून उभी केली. आई हारांची परडी घेऊन आली.

"चालव," ती म्हणाली.

त्यानं किक मारली, मूठ सोडली आणि दोन पावलं मागे झाला. आई गाडीभोवती फिरली. टाकीवर हात ठेवून तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग ती दादाच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली.

तो नेहमीसारखा हसून मान हलवणार असं मला वाटलं. त्यानं तशी सुरुवातही केली. मग थांबला.

"आई, या बाजूला ये. त्या कानानं ऐकू येत नाही मला."

आशावहिनीनं हातातलं आरतीचं ताट खाली ठेवलं. आईनं त्याच्याकडे वर पाहिलं.

"कधीपासून रं?"

"लय दिवस झाले."

"आन् इतके दिवस मी भिंतीशी बोलत व्हते व्हय?"

"भिंत मान नाय हलवत," दादा म्हणाला. वहिनीला हसू आलं आणि तिनं लगेच पदरानं डोळे टिपले. दादानं ते पाहिलं. तो माझ्याकडे वळला. "शुभे, सोमवारी सुट्टी काढ. कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. टेम्पो तू चालव. आणि बरोबर आत ये, तो काय बोलतो त्यातलं मला अर्धंच कळायचं."

आई त्याच्या पुढून फिरून डाव्या बाजूला गेली. टाचा उंचावून, मघाशी म्हणाली होती ते तिनं पुन्हा सांगितलं:

"म्हटलं, हार तुझ्याच हातानं घाल."

त्याचे हात अजून पुरते स्वच्छ झाले नव्हते. झेंडूच्या पाकळ्यांवर त्याच्या बोटांचे काळे ठसे उमटले, आणि गाडी तशीच चालू होती.