वातीवरून चढणारं पाणी

अप्पांच्या हृदयाची एक झडप कामातून गेली होती आणि अप्पा पानवेलींची काळजी करत बसले होते. तंजावरच्या डॉक्टरांनी दिलेली तारीख त्यांनी दोनदा चुकवली. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "आता थांबलात तर ऑपरेशन करण्याची वेळही निघून जाईल." नवी तारीख गुरुवारची होती.

"मी गेलों तर रोपांस पाणी कोण घालील?" अप्पांनी त्यांच्या जुन्या तंजावरी मराठीत विचारलं. याआधीही दोन्ही वेळा त्यांनी हेच विचारलं होतं.

सुंदरपेरुमाळ कोयिल या गावात रेल्वेरुळांपलीकडे आमचं घर आहे. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर अप्पांनी परसात सुरूच्या वाशांवर हिरवी जाळी आणि प्लॅस्टिक ताणून हरितगृह उभं केलं. आत मांडणीवर पिशव्यांच्या ओळी, प्रत्येक पिशवीत पानवेलीचा एक तुकडा. त्याला सकाळ-संध्याकाळ ओल हवी, पण पाणी साचलं तर तो कुजतो. अम्मा आणि मी दोघीही त्यांच्यासोबत इस्पितळात राहणार होतो. शेजाऱ्यांना सांगू म्हटलं, तर अप्पा म्हणाले, "ते पाणी घालत नाहीत, रोपें बुडवतात."

मी वैतागले. "रोपांना आपोआप पाणी मिळालं तर याल?"

"मातीस हात लावून पाहीन. मग सांगतों."

म्हणजे माझी परीक्षा. मी कुंभकोणमच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं. शाळेत रजा टाकली आणि कामाला लागले. मांडणीखाली प्लॅस्टिकचे पाइप आडवे बांधले, प्रत्येक पिशवीखाली पाइपला भोक पाडलं आणि सगळे पाइप कोपऱ्यातल्या पिंपाला जोडले. पाइपातलं पाणी उतरलं की पिंपातून नवीन यावं म्हणून मध्ये टाकीतला असतो तसला चेंडूचा नळ बसवला. आता हवी होती पिशवीच्या बुडातून पाइपात सोडायला वात. ती मातीला लागेल तेवढंच पाणी वर ओढणार.

वातींना आमच्या घरात काय तोटा! अम्मा दर एकादशीला मडीत, म्हणजे सोवळ्यात, समईसाठी बोटाएवढ्या जाड वाती वळून डबा भरून ठेवते. तो डबाच मी उचलला.

"देवाच्या वाती गो त्या!" अम्मा म्हणाली.

"देवाला अप्पा हवेत की वाती?" मी म्हटलं. ती आत निघून गेली. बोलणं जरा लागलंच असावं, पण माफी मागायला मला वेळ नव्हता.

मंगळवारी सकाळी पाहते तर पिशव्या कोरड्या ठणठणीत. पाइप भरलेले आणि वाती जशा सोडल्या तशाच, वरून पांढऱ्याशुभ्र. मी एक वात ओढून बादलीत टाकली. ती पाण्यावर तरंगत राहिली. तीच तेलात बुडवली तर तेल प्यायली. मग मात्र मी कपाळावर हात मारला. कच्च्या कापसाच्या अंगावर मेण असतं. तेल तो कापूस सहज पितो, पाण्याला आत येऊ देत नाही. हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून देते.

अप्पा दारात उभे होते. "नाही ना झालं?" त्यांच्या आवाजात मला सुटकेसारखं काहीतरी ऐकू आलं, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी सगळ्या वाती धुण्याच्या सोड्यात खदखदा उकळल्या, पिळल्या आणि पुन्हा लावल्या. अम्मा ते बघायला नको म्हणून देवघरात जाऊन बसली.

बुधवारी सकाळी माती ओली होती. हवी तेवढीच, बोटाला लागेल इतकी. मी ओरडून अप्पांना बोलावलं. त्यांनी एका पिशवीत अंगठा दाबला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. "बेष केलीस," म्हणाले आणि आत गेले. त्यांची कॉफी तशीच निवली.

दुपारी गेले तर एका ओळीतल्या वाती पाइपाबाहेर लोंबत होत्या. खारींना शिव्या घालत मी त्या पुन्हा सोडल्या. तासाभराने दोन ओळी बाहेर. आता मला अम्माचा संशय आला. तिला जाऊन नको ते बोलले. ती रडायलाच लागली. "मी आत पाऊल ठेवलें नाही गो, दिव्या."

मी पिंपामागे लपून बसले. उद्या सकाळी निघायचं होतं, माती सुकली तर अप्पा पुन्हा अडून बसणार, आणि यानंतर चौथी तारीख मिळणार नव्हती.

थोड्या वेळाने अप्पा आले. धाप लागत होती म्हणून स्टूल घेऊन बसले आणि एकेक वात बाहेर काढायला लागले. हळूच, मुळांना धक्का लागू नये अशी.

"अप्पा!"

ते दचकले नाहीत. हातातली वात तेवढी खाली ठेवली.

"मज भय वाटतें, दिव्या."

"ऑपरेशनचं?"

"तेंही आहे." ते पानांकडे बघत होते. "पण काल ह्यांणी माझी वाट पाहिली नाही. मी न आलों तरी ह्यांचें चालतें."

मला संताप आला आणि रडूही आलं. एवढ्यासाठी माणूस जीव धोक्यात घालतो? पण बाप असा घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता.

मी सगळ्या वाती परत पाइपात सोडल्या. मग दारालगतच्या ओळीपाशी गेले, तिथल्या वाती उपटून काढल्या आणि पाइपाची भोकं चिकटपट्टीने बंद केली.

"हे काय करतेस?"

"ही ओळ तुमची. हिला वात नाही. हरितगृहाला कुलूप लावून किल्ली मी बरोबर घेणार आहे. तुम्ही परत आलात तर हिला पाणी मिळेल, नाहीतर वाळेल."

"पाप गो!"

"असू दे."

गुरुवारी निघण्याआधी त्यांनी त्या ओळीला दोनदा पाणी घातलं. मग मी दाराला कुलूप घातलं.

ऑपरेशन ठरल्यापेक्षा लांबलं. बाहेरच्या बाकावर अम्माने माझा हात धरला होता, आणि मला राहून राहून ती ओळ दिसत होती. अप्पांना काही झालं असतं तर ते कुलूप मी कोणत्या तोंडाने उघडणार होते? शेजाऱ्यांना फोन करून कुलूप तोडायला सांगावं असं दोनदा मनात आलं. केला नाही.

श्वासाची नळी काढल्यावर मला आत सोडलं. अप्पांचा घसा बसला होता. मी कान जवळ नेला.

"ती ओळ?"

"वाळायला लागली असेल," मी म्हटलं. आवाज कोरडा ठेवला, पण खाटेचा दांडा घट्ट धरावा लागला.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग नर्सकडे मान वळवून त्यांनी तमिळमध्ये विचारलं, मला उठून कधी बसवणार?

"उद्या बघू, अय्या," ती म्हणाली.

"उद्या कशाला?" अप्पा म्हणाले. "आज बसवा."