मास्तर जिथे वळतो

मोजणीदार येणार म्हटल्यावर टकळीच्या आईने शेत झाडून काढलं. हो, झाडून! घर झाडावं तसं. काटक्या उचलल्या, तण उपटलं आणि "साहेब बसणार कशावर?" असं म्हणत मोठमोठे दगड ओढून झाडाखाली झक्क ओटा रचला. हे बघून पलीकडच्या शेतातल्या काकू मागे राहतात होय? त्यांनी कुदळ घेतली आणि दोन शेतांमधला गवताळ, वेडावाकडा बांध खणून चादरीसारखा सपाट केला. मग दोघींनी घाम पुसला, एकमेकींकडे बघून नाकं मुरडली आणि समाधानाने झोपल्या.

सकाळी साहेब ओट्यावर टेकले, टेप काढली आणि म्हणाले, "हं, दोन शेतांमधली हद्द दाखवा."

"ती काय, त्या दगडांच्या..." आई बोलता बोलता थांबली. हद्दीचे दगड साहेबांच्या बुडाखाली होते.

"दगडांचं सोडा, बांध बघा ना बांध!" काकू घाईने म्हणाल्या, आणि त्यांचाही आ तसाच राहिला.

टकळीला हसू आवरेना. शाळेत अखंड बडबड करते म्हणून तिला हे नाव पडलं होतं, पण आत्ता तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. कारण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ही सगळी जमीन होती जमीनदाराची. नवा कायदा आला होता, कसेल त्याची जमीन. बाबा कित्येक वर्षं दूर शहरात कामाला, नांगर धरला तो आईने. "कसेल त्याची काय, कसेल तिची!" म्हणत तिने अर्ज केला होता. आईचं नाव आजवर कशावरच नव्हतं, घरावर नाही, साध्या बादलीवरही नाही. आज ते लागणार होतं. फक्त हद्द दोन्ही शेजाऱ्यांना मान्य हवी.

"नसेल मान्य तर 'वाद आहे' असं लिहून मी पुढच्या गावी जातो," साहेब म्हणाले.

"मग परत कधी येणार?"

"आमच्या कार्यालयाचा वेग बघता," साहेबांनी टकळीकडे बघितलं, "हिच्या नातवाच्या बारशाला."

झालं! तोंडाचे पट्टे सुटले.

"बांध खणला कुणी?"

"दगड हलवले कुणी?"

"पाहुणचार करायला गेले मी!"

"मी काय हात बांधून बसू? लोक म्हणतील, हिचं शेत बघा किती घाण!"

साहेबांनी टेप गुंडाळायला घेतली. टकळीने तोंडातली ओढणी काढली.

"थांबा! मास्तरला विचारूया ना!"

"कोण मास्तर?" साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं.

मास्तर गोठ्यात रवंथ करत होता. तो आईचा बैल. काकूंचा बैल ढब्बू. दोन्ही घरांना एकेकच बैल परवडायचा, म्हणून नांगरणीला दोघांची जोडी जुंपायची, आधी हिचं शेत, मग तिचं. ढब्बू नुसता भरीला. बांध आला की वळायचा तो मास्तर, कुणी सांगो न सांगो.

"कायद्यात बैलाची साक्ष बसत नाही," साहेब म्हणाले, पण टेप गुंडाळायचे थांबले. "मला तुमची संमती हवी. ती तुम्ही बैलाला विचारून द्या, नाहीतर कावळ्याला."

जोडी जुंपली. टकळीने नांगर धरला आणि आईच्या शेतातून निघाली. सपाट मातीत मास्तर ऐटीत चालला आणि एका जागी खाड्कन थांबून वळू लागला.

"हाण ना पुढे, एक पाऊल!" आई दातांतल्या दातांत म्हणाली. "आळशी मेला. इथे नेहमीच अडतो!"

टकळीच्या हातातली काठी वर गेली आणि तिथेच राहिली. नेहमीच? हो की! दरवर्षी शेवटच्या पावलाला मास्तर अडायचा आणि आई त्याला ढोसायची. आणि काकूंच्या शेतात?

"आमच्याकडे उलटंच," काकू म्हणाल्या. "मेला आगाऊ! बांध ओलांडूनच जायला बघतो."

इकडे आळशी, तिकडे आगाऊ. बैल एकच! टकळीने काठी टाकली. जोडी काकूंच्या बाजूला नेली आणि तिकडून हाकली. मास्तर आला आणि बरोब्बर त्याच जागी थांबला, आपल्याच खुरांच्या ठशांवर.

बैल लहानपणी शिकला तिथेच वळत होता. हद्दीचे दगड आणि त्यांच्यामागून बांध तेवढे दरवर्षी, चिमूटचिमूट, काकूंकडे चालत गेले होते.

आई एकदम आभाळातले ढग मोजू लागली. ढग नव्हते.

"दगडांना पाय फुटले वाटतं गं?" काकू गोडगोड आवाजात म्हणाल्या.

"आई," टकळी हळूच म्हणाली, "एका पावलासाठी अख्खं शेत घालवणार?"

आईने मास्तरकडे बघितलं, शेताकडे बघितलं, काकूंकडे बघणं मात्र टाळलं. "घ्या लिहून, साहेब," ती म्हणाली. "मास्तर वळतो तिथे."

"मला मान्य," काकू म्हणाल्या. "पण दगड मी लावणार. स्वतःच्या हाताने. आणि हिने ते उचलून आणून द्यायचे."

साहेबांना उठावं लागलं. ओटा मोडला. आई धापा टाकत एकेक दगड आणत होती, काकू राणीसारख्या बोट दाखवत होत्या, आणि शेवटच्या जड दगडाला गुपचूप दोघींचे हात लागले.

मग साहेबांनी आईला तिचं पूर्ण नाव विचारलं. तिने ते इतक्या मोठ्याने सांगितलं की ढब्बू दचकला.

रात्री मास्तरपुढे पेंढी टाकताना ती पुटपुटली, "माझं खाऊन तिच्या बाजूने बोललास, गद्दारा!" आणि त्याला आणखी एक पेंढी टाकली.